गॅसची गळती आणि नळवाला: खेड्यात नवे घर बांधणाऱ्यांसाठी व नव्याने गॅस घेणाऱ्यांसाठी

विदर्भातील बहुतेक खेड्यांत नळाचे काम करणारा एखादाच कारागीर असतो, आणि मोटार बसवणे, न्हाणीचे पाइप टाकणे, छतावरची टाकी जोडणे ही सगळी कामे त्याच्याच हातून होत असल्याने घरात गॅसचा वास आला तरी पहिला फोन त्यालाच जातो. हा फोन चुकीच्या माणसाला जातो. नळवाला वाईट कारागीर असतो असे मुळीच नाही. परंतु त्याने शिकलेले काम पाण्याचे आहे आणि पाण्याचे नियम गॅसला लागू पडत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या परिचयाच्या एका शेतकरी कुटुंबाला याचा जो अनुभव आला, तो पुढे योग्य त्या ठिकाणी सविस्तर दिला आहे. ज्यांच्या घरी उज्ज्वला योजनेतून किंवा अन्यथा पहिल्यांदाच गॅस आला आहे आणि जे घरकुलाचे किंवा स्लॅबचे नवे घर बांधत आहेत, त्यांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

वास आल्याबरोबर काय करावे

घरगुती सिलिंडरमधील गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाच्या उग्र वासाच्या रसायनाचा अत्यल्प अंश मिसळलेला असतो. सिलिंडर संपत आला की हा वास थोडा वाढतो, तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत आलेला वास नेहमीचाच समजून सोडून देण्याची सवय घरोघरी दिसते. ती सोडावी. उलट सर्दी झालेल्या किंवा वृद्ध माणसाला कित्येकदा वास येतच नाही, त्यामुळे घरातील एकाने वास येतो म्हटले आणि दुसऱ्याने येत नाही म्हटले, तर येतो म्हणणाऱ्याचे ऐकावे.

वास आला की प्रथम शेगडीचे सर्व नॉब आणि त्यानंतर सिलिंडरवरील रेग्युलेटर बंद करावा. घरात पेटती असलेली प्रत्येक गोष्ट, म्हणजे चूल, देवघरातील दिवा, उदबत्ती, विडी आणि डास पळवण्यासाठी लावलेली कॉइल, विझवावी. दारे-खिडक्या उघडाव्यात आणि लहान मुलांना व वृद्धांना बाहेर काढावे. विजेचे कोणतेही बटण दाबू नये. चालू असलेला दिवा बंद करण्यासाठीसुद्धा नाही, कारण ठिणगी बटण चालू करतानाही पडते आणि बंद करतानाही पडते. हवा बाहेर जावी म्हणून पंखा लावण्याची चूक नेमकी इथेच होते.

आपल्याकडे लाइन जाण्याचा प्रश्न असल्यामुळे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. लाइन गेलेली असताना गळती झाली, तर मेणबत्ती किंवा कंदील लावू नये, हे सर्वांना समजते. पण लाइन परत येताच फ्रिज आणि आधीपासून चालू राहिलेले पंखे आपोआप सुरू होतात, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मेन स्विच घराबाहेर किंवा ओसरीत असेल, तर लाइन नसतानाच तो बंद करून टाकावा. मेन स्विच स्वयंपाकघराला लागून असेल आणि लाइन चालू असेल, तर मात्र त्याला हात लावू नये.

हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि न्हाणीच्या मोरीत, नालीत, पायरीखालच्या खोलगट जागेत साचून राहतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांपासून साडेनऊ टक्क्यांपर्यंत असले की तो पेट घेऊ शकतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच स्वयंपाकखोलीचा हिशेब केला, तर सगळीकडे सारखा मिसळलेला साधारण सव्वा किलो गॅस तेवढ्यासाठी पुरतो, आणि प्रत्यक्षात तो खालच्या थरात गोळा होत असल्याने त्याहून बराच कमी गॅससुद्धा धोकादायक ठरतो. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, हे येथे आठवावे.

रेग्युलेटर बंद केल्यावरही सिलिंडरच्या तोंडातून फुसफुस आवाज येत असेल, तर रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडावर त्याला साखळीने किंवा दोरीने बांधलेली टोपी दाबून बसवावी आणि सिलिंडर उभाच उचलून मोकळ्या जागी न्यावा. तो गोठ्यात, विहिरीजवळ, नालीच्या काठी किंवा ज्या खोलीत कापूस साठवला आहे त्या खोलीच्या आसपास ठेवू नये. वेचणीनंतर भावाची वाट पाहत महिना-दोन महिने कापूस घरातच भरून ठेवण्याची पद्धत वऱ्हाडात सर्वत्र आहे, आणि परसात पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) व तुराट्यांचा ढीग असतोच. अशा घरात गॅसची छोटी आगसुद्धा छोटी राहत नाही. टोपी ही सिलिंडरची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू आहे, म्हणून ती मुलांना खेळायला देऊ नये.

फोन घराबाहेर पडल्यावरच करावा. १९०६ हा गॅसगळतीसाठी असलेला आपत्कालीन क्रमांक तिन्ही सरकारी तेल कंपन्यांच्या ग्राहकांना चोवीस तास उपलब्ध आहे. तेथे ग्राहक क्रमांक, एजन्सीचे नाव आणि गावाचा पत्ता विचारतात, त्यामुळे गॅसपुस्तकातील ही माहिती सर्वांच्या फोनमध्ये जतन केलेली असावी. गळती झालेल्या स्वयंपाकघरातील कपाटात पुस्तक शोधायला परत जाण्याची वेळ येऊ नये. आग लागलीच असेल तर १०१ किंवा ११२ आणि कोणी भाजले असेल तर १०८ वर फोन करावा. तालुक्याच्या गावाहून बंब येण्यास वेळ लागतो हे गृहीत धरून शेजारच्या घरांनाही बाहेर पडण्यास सांगावे.

गळती नेमकी कुठे आहे, यावरून माणूस ठरतो

वास पूर्ण गेला आणि रेग्युलेटर बंदच असला, तर गळतीचे ठिकाण शोधण्याचा प्रयत्न एजन्सीचा मेकॅनिक येईपर्यंत न केलेलाच बरा. तरीही कोणाला बोलवायचे हे कळण्यासाठी गळतीच्या जागा ठाऊक असाव्यात.

पहिली जागा सिलिंडरचे तोंड. व्हॉल्व्हच्या आत काळ्या रबराचे लहानसे कडे असते. ते झिजले, तडकले किंवा गहाळ झाले, की रेग्युलेटर कितीही घट्ट बसवला तरी त्याच्या बुडाशी गॅस येत राहतो. गळतीच्या तक्रारींत हे कारण फार वेळा सापडते आणि ते दूर करण्यास काही मिनिटे लागतात, पण ते काम एजन्सीच्या माणसाचेच आहे. दुसरी जागा रेग्युलेटर स्वतः. तो कंपनीच्या मालकीचा असतो, आपण अनामत भरून वापरत असतो, म्हणून तो कोणाकडूनही उघडून घेऊ नये आणि बाजारातून परस्पर विकतही घेऊ नये. एजन्सी तो बदलून देते. तिसरी जागा रबरी नळी आणि चौथी शेगडी. शेगडीचा नॉब किंवा तिच्या पोटातील नळी गळत असेल, तर एजन्सीचा मेकॅनिक किंवा शेगडीच्या कंपनीचा अधिकृत दुरुस्तीवाला, या दोघांपैकी कोणीही चालतो.

या चारही जागांमध्ये नळवाल्याचे काम कुठेही येत नाही. त्याचा प्रश्न उद्भवतो तो फक्त पाचव्या जागी, म्हणजे भिंतीतून कायमची पाइप टाकलेली असेल तर. आणि तिथेही गॅसच्या पाइपचे काम शिकलेला माणूसच लागतो.

एका घराचा अनुभव

दारव्हा तालुक्यातील या कुटुंबाने जुने कवेलूचे घर पाडून स्लॅबचे घर बांधले. स्वयंपाकघर देखणे दिसावे म्हणून सिलिंडर आत नको, मागच्या सांदवाडीत (परसात) विटांची पेटी करून तीत ठेवावा आणि भिंतीतून पाइप आणून शेगडीला जोडावी, असे ठरले. न्हाणीचे आणि टाकीचे काम करणाऱ्या नळवाल्यानेच तेही काम अंगावर घेतले. एजन्सीला कोणीही कळवले नाही. इसार म्हणून निम्मी रक्कम त्याने आधीच घेतली आणि पावती कोणी मागितली नाही, कारण गावात पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे समजले जाते.

त्याने न्हाणीच्या कामातून उरलेली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पाइप वापरली, पेचाचे जोड पाण्याच्या नळाला गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपने बांधले आणि त्यावर गिलावा करून टाकला. दोन्ही टोकांना साधी रबरी नळी लावून ती बांधकामाच्या तारेने आवळली. सिलिंडरच्या पेटीला लोखंडी दार बसवले, पण खाली एकही भोक ठेवले नाही, आणि त्या पेटीपासून हातभर अंतरावर न्हाणीची नाली वाहत होती. चार दिवसांनी ओट्याच्या भिंतीजवळ वास येऊ लागला तेव्हा त्याला बोलावले. तो म्हणाला, “काही होत नाही जी काका, नव्या कामाचा वास हाये, दोन दिवसांत जाते.”

दोन दिवसांत वास गेला नाही. तो पुन्हा आला, त्याने दिसणाऱ्या जोडावर एम-सील लावले आणि गळती थांबली की नाही हे पाहण्यासाठी खिशातून काडीपेटी काढून काडी ओढली. भिंतीच्या कोपऱ्यात निळी ज्योत धरली. घरातल्या सुनेने धावत जाऊन सांदवाडीतील रेग्युलेटर बंद केला म्हणून ज्योत तिथेच विझली. सिलिंडरपर्यंत पोहोचायला सुनेला वेळ लागला असता, किंवा शेजारच्या खोलीतील कापसाच्या ढिगाकडे दार उघडे असते, तर काय झाले असते हे वेगळे लिहिण्याची गरज नाही. एवढे होऊनही त्या कारागिराने दुसऱ्या फेरीचे वेगळे पैसे मागितले. शेवटी तालुक्याच्या एजन्सीचा मेकॅनिक आला, त्याने साबणाचे पाणी लावून पाहिले, तेव्हा दोन्ही टोकांना आणि गिलाव्याच्या भेगेतूनही बुडबुडे आले. गिलावा फोडून सगळी पाइप काढावी लागली.

या कामात प्रत्येक पायरीवर काय चुकले, हे समजून घेतले म्हणजे कारागिराला काय विचारायचे तेही कळते.

या चुकीमागचे मूळ कारण दाबाबद्दलच्या गैरसमजात आहे. घरगुती रेग्युलेटरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब प्रति चौरस सेंटीमीटर सुमारे ३० ग्रॅम इतकाच असतो, म्हणजे एक वीत-दीड वीत उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका. नळापेक्षा तीन मीटर उंच असलेल्या टाकीचे पाणी याच्या दहापट दाबाने येते. त्यामुळे टाकीचे पाणी ज्याच्या जोडातून गळत नाही, त्या कारागिराला गॅसची भीती वाटत नाही. इतका कमी दाब असताना गळणार काय, असे तो प्रामाणिकपणे म्हणतो. परंतु ज्या बारीक फटीतून पाणी गळत नाही तिच्यातून गॅस निसटू शकतो, आणि पाण्याचा थेंब डोळ्यांना दिसतो, भिंत ओली होते, तसा गॅस दिसत नाही. पाण्याच्या कामात थोडी गळती म्हणजे थोडे नुकसान. गॅसच्या कामात थोडी गळती रात्रभर बंद खोलीत साचत जाते.

जीआय पाइप गॅससाठी मुळीच चालत नाही, असे नाही. योग्य जाडीची जीआय किंवा तांब्याची पाइप गॅसच्या कामात वापरली जाते. येथे दोष होता तो उरलेली, आतून गंजलेली, पाण्यासाठी कापलेली पाइप वापरण्यात, गॅससाठी न बनवलेल्या टेपने जोड बांधण्यात, आणि सर्वांत अधिक, ते जोड गिलाव्याखाली दडवण्यात. जो जोड डोळ्यांना दिसत नाही त्याला साबणाचे पाणी लावता येत नाही, आणि भिंतीतील गळती जिथे सुरू होते तिथे बाहेर न येता विटांच्या फटींतून भलत्याच ठिकाणी निघते.

साध्या रबरी नळीबाबतही असेच. गॅसच्या संपर्काने ती हळूहळू फुगते किंवा कडक होऊन तडकते. सुरक्षा ट्यूब म्हणून मिळणारी नारिंगी रंगाची आयएसआय चिन्हाची नळी आतून तारेच्या जाळीने मजबूत केलेली असते, त्यामुळे उंदीर आणि घुशी तिला सहज कुरतडू शकत नाहीत, आणि धान्याची पोती भरलेल्या घरात ही गोष्ट लहान नाही. बांधकामाची तार आवळली की नळीत रुतते व नळी नेमकी तिथेच कापली जाते. एम-सीलविषयी सांगायचे तर ते दगडासारखे घट्ट होते, पण पाइप उन्हाने आणि स्वयंपाकाच्या उष्णतेने थोडी प्रसरण पावते, थोडी आकसते. मग त्या लेपाला भेग जाते. शिवाय लेप असल्यामुळे गळतीचे मूळ झाकले जाते. एम-सील, फेव्हिकॉल, साबणाची वडी, मेण यांपैकी काहीही गॅसच्या जोडावर लावणारा कारागीर दिसला, तर काम तिथेच थांबवावे.

काडी ओढण्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. जो काडीने गळती तपासतो त्याला घरात ठेवू नये.

कारागीर दारात आल्यावर

एजन्सीचा माणूस म्हणून कोणी आला, तर त्याचे ओळखपत्र पाहावे आणि एजन्सीला फोन करून त्याला पाठवले आहे का, हे विचारावे. दर पाच वर्षांनी घरातील जोडणीची सक्तीची तपासणी होत असते, आणि या तपासणीच्या नावाखाली गावोगाव फिरून बायाबापड्यांना महागड्या नळ्या, जाळ्या, ‘गॅस वाचवणारी’ यंत्रे गळ्यात मारणारे लोकही असतात. घरात पुरुष माणूस नसताना, दुपारच्या वेळी, ‘नाही घेतले तर कनेक्शन बंद होईल’ असे म्हणून पैसे मागणारा माणूस खऱ्या तपासणीचा नसतो, असे समजण्यास हरकत नाही.

खरा मेकॅनिक काम कसे करतो, हे ओळखणे सोपे आहे. तो आल्याबरोबर दारे-खिडक्या उघड्या आहेत ना, पेटते काही नाही ना, हे पाहतो. साबणाचे पाणी मागतो किंवा स्वतः आणतो. रेग्युलेटरचा बसण्याचा भाग, नळीची दोन्ही टोके आणि शेगडीचे नॉब क्रमाने ओले करून बुडबुडे पाहतो. नळीवर छापलेले वर्ष वाचतो. आणि दुरुस्तीनंतर पुन्हा एकदा तीच तपासणी करून दाखवतो. ही शेवटची तपासणी आपल्यासमोर झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पाइप टाकायचीच असेल तर

माझे मत असे, की खेड्यातील बहुतेक घरांना भिंतीतून पाइप टाकण्याची गरज नसते. सिलिंडर ओट्याखाली किंवा ओट्याशेजारी सपाट जमिनीवर उभा ठेवावा, शेगडी सिलिंडरच्या उंचीपेक्षा वर असावी, ओट्याखाली दार असल्यास त्याच्या तळाशी हवेसाठी मोकळी जागा असावी आणि दीड मीटरपेक्षा लांब नसलेली एकसंध सुरक्षा ट्यूब लावावी, एवढ्यात काम भागते. ती नळी भिंतीच्या भोकातून किंवा पीव्हीसी पाइपच्या आतून कधीही नेऊ नये, तिला मध्ये जोड देऊ नये, आणि ती शेगडीच्या मागून, ज्वालेच्या उष्णतेतून जाऊ देऊ नये. नव्या नळीचे टोक रेग्युलेटरच्या तोंडावर चढत नसेल तर ते कोमट पाण्यात धरून मऊ करावे. तेल किंवा साबण लावून चढवलेली नळी तशीच घसरून निघते. घरकुलाच्या लहान खोलीत चूल आणि गॅस एकत्र असतील, तर पऱ्हाटीची चूल पेटलेली असताना सिलिंडर बदलू नये. जागा असल्यास चूल बाहेरच मांडावी.

तरीही सिलिंडर बाहेर ठेवायचा असेल, तर एजन्सीला आधी लेखी कळवावे आणि गॅसच्या पाइपचे काम करणारा माणूस तिच्याकडूनच विचारून घ्यावा. असा माणूस तालुक्याला नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो. त्याच्या प्रवासाचे पैसे गिलावा फोडण्याच्या खर्चापेक्षा कमीच असतात. पाइप भिंतीबाहेरून, डोळ्यांना दिसेल अशी, क्लिपांनी बांधून आणावी. भिंत पार करण्याच्या ठिकाणी तिला दुसऱ्या मोठ्या पाइपचे आवरण द्यावे आणि त्या भागात एकही जोड ठेवू नये. स्वयंपाकघरात शिरल्यावर सहज हात पोहोचेल अशा जागी गॅससाठीचा कॉक हवा, पाण्याचा नव्हे.

गॅस सोडण्यापूर्वी पाइपमध्ये हवा किंवा नायट्रोजन भरून दाबमापक लावावा, कॉक बंद करून काही वेळ थांबावे आणि काटा खाली उतरत नाही याची खात्री करावी. ही चाचणी घरमालकाने उभे राहून पाहावी. गावातील वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजनचा सिलिंडर आणून चाचणी घेऊ म्हणणाऱ्याला स्पष्ट नकार द्यावा, कारण तेल आणि ज्वलनशील पदार्थांच्या संपर्कात ऑक्सिजन अत्यंत धोकादायक असतो.

बाहेरच्या पेटीला सावली हवी. विदर्भात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि टिनाच्या बंद पेटीत, पश्चिमेच्या उन्हात ठेवलेल्या सिलिंडरचा दाब त्या मानाने वाढतो. पेटीच्या दाराला जमिनीलगत आणि वरच्या बाजूला दोन्हीकडे जाळीची भोके असावीत. खालची भोके अधिक महत्त्वाची, कारण गळलेला गॅस खालूनच बाहेर पडणार आहे. पेटीजवळ नाली, विहिरीचे तोंड, मोटारीचा स्टार्टर किंवा तळघराची खिडकी नसावी.

सिलिंडर घेताना

गळतीची बरीच प्रकरणे सिलिंडर घरात येण्यापूर्वीच अडवता येतात. आपल्याकडे गाडी चौकात थांबते आणि लोक सिलिंडर गडगडवत किंवा मोटारसायकलला बांधून घरी नेतात. काही ग्रामीण वितरकांच्या गोदामातून ग्राहकाने स्वतःच तो न्यायचा असतो. कसेही असले तरी सील पाहावे, वजन करून मागावे आणि टोपी काढून व्हॉल्व्हची गळती तपासून मागावी. हे ग्राहकाचे हक्क आहेत. पोहोचवणाऱ्याकडे वजनकाटा असावा लागतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्यावर लिहिलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचे वजन येते.

सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्टीच्या आतील बाजूस एक अक्षर आणि दोन अंक लिहिलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे अंक वर्षाचे. उदाहरणार्थ बी-२८ याचा अर्थ त्या सिलिंडरची पुढील चाचणी २०२८ च्या जूनअखेरपर्यंत व्हायची आहे. ती मुदत उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नये. सुरक्षा ट्यूब पाच वर्षांनी बदलायची असते, ती चांगली दिसत असली तरी.

काम बिघडले तर

वरील कुटुंबाने कारागिराकडून पैसे परत मिळवण्याचा प्रयत्न केला तेव्हा पहिली अडचण पुराव्याची आली. सुदैवाने दुसरा हप्ता फोनवरून दिलेला होता, त्यामुळे काम त्यानेच केले हे नाकारणे त्याला अवघड गेले. यावरून नवागतांनी एवढे करावे, की कामाआधी साध्या कागदावर कामाचे स्वरूप, वापरायचे साहित्य, रक्कम आणि तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. इसार थोडाच द्यावा आणि तो शक्यतो फोनवरून द्यावा. काम चालू असताना, विशेषतः गिलावा होण्याआधी, जोडांची छायाचित्रे काढून ठेवावीत. बिघाड आढळला तर तो दुरुस्त करण्यापूर्वी पुन्हा छायाचित्रे घ्यावीत आणि एजन्सीच्या मेकॅनिककडून त्याचा अभिप्राय दोन ओळींत लिहून घ्यावा. काढलेले तुकडे, टेप लावलेले जोड वगैरे भंगारात देऊ नयेत.

मोबदला घेऊन केलेले असे काम ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अंतर्गत सेवा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो. त्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिला शुल्क नाही, आणि वकील न घेता स्वतःही बाजू मांडता येते. त्याआधी कारागिराला स्पीड पोस्टाने एक पत्र पाठवून पैसे परत करण्यास मुदत द्यावी. गावच्या चार लोकांसमोर बोलणी होऊन प्रकरण मिटले तर उत्तमच, फक्त मिटल्याचेही लिहून घ्यावे. ज्वलनशील पदार्थ निष्काळजीपणे हाताळून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा आहे, त्यामुळे कोणी भाजले किंवा आग लागली असेल, तर पोलीस ठाण्यात तक्रार देण्यास संकोच करू नये.

अपघात झालाच तर विम्याचा भाग विसरला जातो. तेल कंपन्या नोंदणीकृत घरगुती ग्राहकांसाठी अपघात विमा काढून ठेवतात आणि त्याचा हप्ता ग्राहकाला वेगळा भरावा लागत नाही. गॅसमुळे झालेल्या अपघातात मृत्यू झाल्यास प्रतिव्यक्ती सहा लाख रुपये, उपचारासाठी प्रतिव्यक्ती कमाल दोन लाख व एका घटनेसाठी तीस लाखांपर्यंत, आणि नोंदणीकृत घरातील मालमत्तेच्या नुकसानीसाठी दोन लाखांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. यासाठी एजन्सीला लगेच लेखी कळवावे, पोलिसांत नोंद करावी, आणि पंचनामा, दवाखान्याची कागदपत्रे व बिले जपून ठेवावीत. पुढे विमा कंपनीला कळवणे एजन्सीमार्फत होते. गॅसपुस्तकावर पत्ता गावातील घराचा आणि सिलिंडर मात्र शेतातल्या घरी, अशी स्थिती असेल तर मालमत्तेचा दावा अडकतो. नवे घर बांधून जुन्यातून तिकडे राहायला जाताना एजन्सीत जाऊन पत्ता बदलून घेणे म्हणूनच आवश्यक आहे, आणि त्याच फेरीत नव्या स्वयंपाकघरातील जोडणी तपासून देण्याची मागणीही नोंदवता येते.